खुनी सापडते ना जी?

“खुनी सापडते ना जी, गुरुजी?” पुस्तक हातात घेण्याआधी त्यांचा हा प्रश्न ठरलेला.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. अर्जुनी मोरगावच्या शाळेत मी मास्तर होतो आणि पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. त्यात मोठ्या मुलांसाठीच्या खुनाच्या रहस्यकथा होत्या, ज्यांत शाळकरी पोरंच खुनी शोधून काढत. त्यांच्यावर मुलांआधी डल्ला मारत या बाई. शाळेमागं राहणाऱ्या, धानाची शेती करणाऱ्या, चौथी शिकलेल्या, पन्नाशीच्या.

असा वाचक तुम्ही पाहिला नसेल. हातातलं सूप बाजूला सारून त्या पुस्तकातल्या माणसांशी भांडत. “हा दिवाणजी लय गोड बोलून राहिला. याच्यावर नजर ठेव, पोट्ट्या!” अंदाज खरा ठरला की पदर तोंडाला लावून पोरीसारख्या हसत.

“मोठ्यांची पुस्तकं देऊ का?” मी एकदा चिडवलं.

“नको जी. मोठे माणसं ‘जाऊ द्या’ म्हणतेत. पोट्टे सोडत नाहीत.”

मग त्यांनीच मुलीचं सांगितलं. सासरी, गावच्या तलावात ती मेलेली सापडली होती. पाय घसरला, असं जावयानं सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं आणि प्रकरण मिटलं.

“मायी पोरगी तलावात पोहतच मोठी झाली. गुडघाभर पाण्यात काऊन डुबली, गुरुजी?”



एका सकाळी त्या छोट्या लाइनीच्या आगगाडीनं मुलीच्या सासरच्या गावी गेल्या आणि पुस्तकातल्या पोरांसारखं दारोदार विचारत फिरल्या. त्या दिवशी तिच्यासोबत कोण होतं? ओरडणं कोणी ऐकलं का? परतल्या त्या थेट माझ्या वर्गाच्या पायरीवर येऊन बसल्या.

“पुस्तकातले लोक विचारलं का बोलतेत जी. तिथं साऱ्यायनं दार लावून घेतलं. आधी जावयानं.” आणि त्या मोठ्यानं रडू लागल्या. वर्गातले पाढे थांबले.

त्यानंतर त्या फक्त शेवटचं प्रकरण वाचत. पुढं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी वाचून दाखवू लागलो.

“गुरुजी, खुन्याच्या नावाच्या जागी माह्या जावयाचं नाव वाचा ना जी. एक डाव.”

मी वाचलं.

“बेड्या पडल्या?”

“पडल्या,” मी म्हणालो. पुस्तकात तेवढं नव्हतं.

त्या गेल्या, तेव्हा जावई आला आणि तिरडीला खांदा द्यायला वाकला. मी त्याला अडवायला पुढं सरलो, तर कोणीतरी माझा हात धरला.

“जाऊ द्या, गुरुजी.”