आत्ताच झालं

पूर्णा स्टेशनच्या बाहेर एक लहानसं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार टेबलं, वर पत्रे, दारात पाण्याचा रांजण आणि मागच्या खोलीत मालकाची बायको. ती कधी दिसायची नाही. फक्त तिने भाकरी थापल्याचा आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी आठवडा काढते असं म्हटलं की आमचे हे हसायचे. हसू देत. दुसऱ्या कुणीतरी थापलेल्या भाकरीचा आवाज खुर्चीवर बसून ऐकण्यात काय सुख आहे, ते ज्याने कधी काठवटीत हात घातला नाही त्याला कळायचं नाही.

मी तेव्हा शेजारच्या एका खेड्यात शाळेवर होते. सकाळी स्वयंपाक उरकून एसटी गाठायची, उभ्याने जायचं, दिवसभर पोरांवर घसा कोरडा करायचा, पुन्हा उभ्यानेच यायचं आणि आल्यावर स्टोची वात वर करायची. शनिवारी शाळा सकाळची असे, म्हणून आठवड्याचं धुणं शनिवारी. संध्याकाळ झाली की माझे खांदे माझे राहिलेले नसायचे. त्या काळातलं दुसरं काही आठवायला गेलं तर आधी तो थकवाच आठवतो, बाकीचं त्याच्या मागून येतं.

यांची नोकरी रेल्वेत, क्लार्कची. त्याच ऑफिसात यांचा एक मित्र होता, ताडकळसचा. घरी शेती, वडील गेलेले, आई खमकी. तो रोज मोटारसायकलवरून जाऊन येऊन करायचा आणि शनिवारी बायकोला घेऊन यायचा. निमित्त काहीही असायचं. कधी ब्लाउजपीस, कधी दाताचं दुखणं, कधी नुसतंच 'स्टेशनवर जाऊन येतो'. खरं कारण आम्हा चौघांना ठाऊक होतं. आम्ही चौघं, आणि आमची दोन पोरं, त्या हॉटेलात जेवायचो.

मालकाने आम्हाला येताना पाहिलं की तो दोन टेबलं जोडायचा आणि फडक्याने पुसायचा. ते फडकं टेबलापेक्षा मळकं असे, पण त्याचा मान राखून आम्ही तिकडे बघत नसू. काय आहे असं विचारायची सोय नव्हती, कारण असायचं तेच. वांग्याची रस्सा भाजी, बेसन, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. बेसन म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला पिठलं म्हणतो ते. भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची, बोटं भाजत. पहिली भाकर कुणी घ्यायची यावर आमच्या पोरांची भांडणं, आणि यांच्या मित्राचं एकच बोलणं, "खावा रे निवांत, चूल काय पळून जायलीय का."

त्याची बायको माझ्याशेजारी बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, तिसऱ्या चौथ्या खेपेला तो खांद्यावर आला. तिच्या घरी ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, निवलेलं, तव्यावर उरेल ते. इथे तिच्यापुढे ताट आधी यायचं. ती गरम भाकरीवर नुसता हात ठेवून बसायची थोडा वेळ. मग अर्धी मोडून माझ्या ताटात टाकायची, माझं बेसन जास्त तिखट दिसलं की माझ्याच ताटातून घास घ्यायची आणि म्हणायची, "वैनी, तुमच्या ताटातलं लय भारी लागतंय." दोन्ही बेसनं एकाच तपेलीतली असायची. मी तिला तसं सांगायची, ती म्हणायची असू द्या.

आम्ही बौद्ध आणि ते मराठा. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आडनावं सांगून मोकळी होतात. हॉटेलात त्याची अडचण कुणाला झाली नाही. मागे भाकरी थापणारी बाई कोण, कुठली, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ताडकळसच्या सासूनेही विचारलं नव्हतं. हॉटेलात खाल्लं म्हणजे हॉटेलात खाल्लं, तिला ते चालायचं. शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, हे तिने विचारलं नाही आणि या दोघांनी सांगितलं नाही.

पण आमचं क्वार्टर हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर होतं. जेवायच्या आधी ती दोघं कधी कधी घरी यायची, पोरांना हाक मारायला, पिशवी ठेवायला. मी म्हणायची, बसा, चहा टाकते. ती उंबऱ्याच्या आतच भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "नगं वैनी, आत्ताच झाला." एकदा मी धपाटे केले होते, वास घरभर होता. "आत्ताच झालं बघा, पोट भरलंय." आणि पुढच्या घटकेला हॉटेलात बसून ती दोन भाकरी खायची. सगळ्यांच्या देखत. त्यात लबाडी म्हणावी असंही काही नव्हतं. आपल्याकडे 'आत्ताच झालं' म्हणजे नको, आणि का नको ते विचारू नका. मी विचारलं नाही. मला वाईट वाटायचं, चांगलंच वाटायचं, पण शनिवारी संध्याकाळी एवढ्या तेवढ्यासाठी भांडण उकरून काढायचं आणि तेही हॉटेल बुडवून, एवढं बळ माझ्यात नव्हतं.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत बंद केव्हाही लागायचा. एकदा नामांतर हवं म्हणून, एकदा नको म्हणून. शटर दोन्ही वेळा तीच खाली यायची. तसा एका शनिवारी दुपारनंतर बंद लागला. आम्हाला वाटलं आज ती येणार नाहीत. पण ती दोघं आधीच घरून निघाली होती आणि हॉटेलच्या बंद दारापुढे मोटारसायकल लावून उभी होती. मागे फिरायला गेली तर समोरून आलेल्या कुणीतरी सांगितलं, रस्त्यावर टायर पेटवलेत, तासाभराने जा. हे त्यांना घरी घेऊन आले.

दिवे लागायची वेळ होती. बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. ती नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी दोरीवरची वाळलेली कापडं हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. आज ती काय म्हणणार होती? आत्ताच झालं, असं म्हणायची सोयच नव्हती. ती जेवायला निघाली होती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मित्र खाली मान घालून पायातला बूट काढत होता, तो निघता निघेना. मी कापडं खाटेवर टाकली आणि म्हटलं, बेसन टाकते, सगळे इथेच जेवू.

मी बेसन केलं. ती जेवली नाही तर पुढच्या शनिवारी तिच्या शेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडणं मला जमणार नव्हतं, एवढं लसूण ठेचताना स्वच्छ कळत होतं. माझ्या आठवड्यातली ती एकच बसायची जागा, तीही जाणार होती. बेसन उतरवून तवा ठेवला, काठवट ओढली, पिठात पाणी घातलं. तेवढ्यात ती पदर खोचून आत आली आणि माझ्या खांद्याला हात लावला.

"सरका वैनी. भाकरी मी थापते. तुमी लय दमलाव."

तुम्ही दमलात, असं मला त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं. हे चांगले होते, पण त्यांनाही ते सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्याच क्षणी दुसरंही डोक्यात आलं, की हिला स्वतःच्या हातचीच भाकर चालेल, बेसनाला ही शिवायची नाही. दोन्ही एकदमच आलं. मी सरकले. पाटावर बसून भिंतीला पाठ टेकली आणि ती भाकरी थापू लागली. तोच आवाज, हॉटेलातला. मला राग यायला हवा होता, पण इतकं बरं वाटत होतं की राग येईना.

जमिनीवर ताटं मांडली. पोरं आणि दोघे पुरुष जेवायला लागले. मित्र बेसन मागून मागून खात होता, जरा जास्तच मोठ्याने तारीफ करत. शेवटी आम्ही दोघी बसलो. मी तिच्या ताटात बेसन वाढलं नाही. डाव मी तपेल्यातच ठेवला, तिने घ्यायचं तर घ्यावं. तिने गरम भाकरीवर हात ठेवला, नेहमीसारखा, थोडा वेळ. मग अर्धी मोडून माझ्या ताटात टाकली आणि माझ्याच ताटातलं बेसन बोटांनी ओढून घास केला.

"मीठ जरा कमी हाय वैनी," ती म्हणाली.

होतंच कमी. मी मिठाची बरणी पुढे केली.

तासाभराने रस्ता मोकळा झाल्याचं कळलं. ती दोघं उठली. दारात मित्र तिला हळूच म्हणाला, "आई इचारल, जेवलाव का म्हणून. हॉटेलात जेवलो म्हण." ती त्याच्यापेक्षा हुशार होती. म्हणाली, "बंद हाय हे साऱ्या गावाला ठाऊक हाय. हॉटेल कुठलं उघडं असल?" मग तिने पदर कपाळावर ओढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उपाशीच आलो म्हणते. दुसरं काय सांगावं."

पुढच्या शनिवारी हॉटेल उघडं होतं. मालकाने टेबलं जोडली, फडकं फिरवलं. भाकरी यायला वेळ होता, मागून थापल्याचा आवाज येत होता. मी तिला विचारलं, त्या दिवशी घरी गेल्यावर काय झालं.

"काय व्हायचं. सासूबाई वाटच बघायल्या व्हत्या. लेकरू दिवसभर उपाशी राह्यलं म्हणल्या. चूल पेटवली, ताजी भाकर केली, वर तूप घातलं. आजपतोर मला तूप कव्हा घातलं नव्हतं त्यांनी. म्होरं बसून खाऊ घालायल्या, आणखी घे, आणखी घे."

"मग?"

"मग काय वैनी. खाल्लं." ती टेबलावरच्या ओल्या डागाकडे बघत होती. "तोंडापतोर आलं व्हतं माझ्या, आत्ताच झालं म्हणून. इतके दिस तुमच्या दारात खोटं खोटं म्हणले. तिथं खरं व्हतं, तर म्हणता येईना."

ताटं आली. तिने भाकर मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.