स्लाइडमधलं अंडं

कोबेच्या डोंगरउतारावर एक प्रशिक्षण केंद्र होतं. देशोदेशीचे ग्रामविकास अधिकारी जपानी अनुदानातून तिथे सहा आठवडे येऊन राहत आणि एकमेकांना आपापल्या योजनांच्या यशोगाथा ऐकवत. फसलेली योजना जगात कुठेच नसते, हे मला तिथे दुभाषी म्हणून लागल्यावर कळलं. सगळ्या विहिरींना पाणी, सगळ्या बायका साक्षर, सगळ्या शेळ्या गाभण. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

केंद्राच्या स्वयंपाकघरात प्रभावतीताई पार्ट-टाइम काम करत. त्यांचे यजमान बंदरावरच्या एका शिपिंग कंपनीत होते. ताई शाकाहारी पाहुण्यांचं जेवण बघत, आणि हाताला चपळ म्हणून स्लाइड प्रोजेक्टरही त्यांच्याच गळ्यात पडला होता. पण आपण मुळात स्वयंपाकीण नव्हे, हे त्या कुणाला विसरू देत नसत. जपानला येण्याआधी त्या माण तालुक्यात ग्रामसेविका होत्या. परदेशी मदतीच्या एका योजनेत त्यांनी एकशे बारा घरांत निर्धूर चुली बसवल्या होत्या. त्याचं प्रशस्तिपत्र कोबेच्या घरात देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं असे. हळदीकुंकवाला गेलं की आधी प्रशस्तिपत्राचं दर्शन, मग वाण.

सत्त्याण्णवच्या शरदात टांझानियाच्या नेमाबाई आल्या. धिप्पाड, हसऱ्या, प्रत्येक गोष्ट जवळ जाऊन निरखणाऱ्या. एका दुपारी आमचे प्रमुख किताझावा-सान यांनी 'भारतातला आदर्श अनुभव' अशी चिठ्ठी लावलेली स्लाइड ताईंच्या हातात दिली. पडद्यावर आली ती ताईंचीच चूल, खाली माण तालुक्याचं नाव! सारवलेली, कुंकू लावलेली, शेजारी पदर सावरून उभी असलेली घरमालकीण सुनीताबाई. कुठला तरी जुना अहवाल फिरत फिरत इथवर पोचला होता. मी टाळी वाजवायच्या बेतात ताईंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पडला होता.

नेमाबाई मात्र खूश. त्यांच्याकडे दोनशे गावांसाठी निधी मंजूर होता. हीच चूल जशीच्या तशी नेणार म्हणाल्या. मग सवयीप्रमाणे पडद्याला नाक लावून त्यांनी विचारलं, "मागच्या भोकात हे पांढरं काय आहे?"

"राख," ताई चटकन म्हणाल्या आणि पुढची स्लाइड सरकवली.

त्या संध्याकाळची आमटी खारट झाली. भांडी आवरताना मी विचारलं, "ताई, राख एवढी गोल असते होय?"

"अंडं आहे गं ते, विद्या." ताई स्टुलावर बसल्या. "त्या चुलीचं तोंड लहान. भाकरी विस्तवाला टेकवून उभी करायला जागाच नाही, मग ती फुगणार कशी? बायकांनी महिन्याभरात जुन्या चुली परत मांडल्या. नवीत कोंबड्या बसायला लागल्या. साहेब पाहणीला यायचे त्या दिवशी मी आधी जाऊन कोंबड्या हाकलायची आणि चूल सारवून ठेवायची. सुनीताबाईंकडे एक अंडं नजरेतून सुटलं."

"मग सांगा की नेमाबाईंना."

"आणि भिंतीवरचं प्रशस्तिपत्र? ह्यांच्या ऑफिसातसुद्धा सगळ्यांना माहीत आहे ते."

"मग राहू दे. दोनशे गावांतल्या कोंबड्यांची सोय होईल."

माझी जीभ अशीच आहे. ताई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी हान्सेइकाई झाली. जपानात एखादं काम पार पडलं, अगदी छान पार पडलं तरी, सगळ्यांनी गोल बसून आपलं काय चुकलं ते सांगायचं असतं. स्वयंपाकघरालाही त्यातून सुटका नाही. पाहुणे 'माझं इंग्रजी कच्चं' असल्या बिनधोक चुका सांगून मोकळे होत. ताईंची ठरलेली चूक होती, 'एकदा भात मऊ झाला.' त्याही दिवशी त्या उठल्या, भाताचं बोलल्या आणि खाली बसल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

मग त्या पुन्हा उठल्या.

"आणखी एक," त्या जपानीत म्हणाल्या. "ती राख नव्हती. अंडं होतं." आणि त्यांनी भाकरीपासून कोंबड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. किताझावा-सान यांची पेन्सिल थांबली. गेली ताईंची नोकरी, मी मनात म्हटलं.

नेमाबाईंनी मांडीवर थाप मारली. "आमच्या गावात पाण्याच्या पंपाला बकऱ्या बांधतात! पाहणीच्या दिवशी त्या सोडते कोण? मी!" त्यांचं हसणं थांबेना. मग नेपाळचे एक गृहस्थ घसा खाकरत उठले, त्यांच्यामागून आणखी दोघं. सहा आठवड्यांत झालं नव्हतं तेवढं शिक्षण त्या तासाभरात झालं. किताझावा-सान यांची वही भरली. शेवटी त्यांनी विचारलं, "पण त्या बायकांना चूल कशी हवी होती?"

"ते मी कधी विचारलंच नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. मलाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनीताबाईंना पत्र टाकलं. महिन्याभराने उत्तर आलं: "बाई, इतक्या वर्षांनी विचारलंत, बरं वाटलं. चुलीचं तोंड चार बोटं मोठं पाहिजे होतं. बाकी चूल चांगली होती. आता मात्र मोठं करायला येऊ नका, कोंबड्यांना सवय झालीय."

किताझावा-सान नेमाबाईंना कळवायला फॅक्सपाशी पेन घेऊन तयारच होते. "चार बोटं म्हणजे किती सेंटिमीटर?"

ताईंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, कोऱ्या कागदावर आपला हात पालथा ठेवला आणि चार बोटांभोवती रेघ ओढली. खाली माझ्याकडून इंग्रजीत एवढंच लिहून घेतलं: "नेमाबाई, हे सुनीताबाईंचं माप आहे. तुम्ही तुमच्या बायकांना विचारा."