आधी डावीकडे

ऑफिसात पोचल्यावर माझं पहिलं काम म्हणजे अपघात वाचणं. अमेरिकेत वूस्टरमधल्या एका छोट्या लॉ फर्ममध्ये मी पॅरालीगल आहे, म्हणजे वकिलांच्या हाताखाली कागदपत्रं तयार करणारी. रोज सकाळी आसपासच्या गावांतल्या पोलिसांच्या नोंदी आणि स्थानिक बातम्या वाचायच्या. कुठे गाडीने कुणाला उडवलं, कुठल्या कंपनीने बाळांच्या कार सीट परत मागवल्या, कुठल्या चौकातला सिग्नल बंद पडलाय. त्यावर फर्मच्या वेबसाइटसाठी चार परिच्छेद लिहायचे आणि शेवटी काळजी घ्या, गरज पडली तर आम्हाला फोन करा, असं सांगायचं. खाली नाव वकिलाचं. फर्मचा नियमच तसा आहे. दोन वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही.

मग ती आली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, वकील, जन्माने इथल्याच, शेजारच्या श्रूजबरी गावची. आई-वडील नागपूरहून आलेले डॉक्टर. मी लिहिलेल्या मजकुराखाली आता तिचं नाव जाऊ लागलं.

तिचं मराठी मोडकं. "मी कालच आली, काकू," असं ती म्हणाली की इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या काकू विरघळतात. "इथे वाढून किती गोड बोलते बघा." मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली. मराठी नीट लिहायला मी कॉलेजात गेल्यावर, हट्टाने शिकले. पण पुण्याहून आलेल्या मुलीला मराठी येतं यात कौतुक कसलं? मला काकू विचारतात, "तू काय करतेस गं?" मी सांगते. "हो का," म्हणून त्या पुढे जातात.

मी तिच्याकडे फार बघायची. ती फोन कसा उचलते, कोर्टातल्या क्लार्कला नावाने हाक कशी मारते, नाही म्हणताना कशी हसते. एकदा गाडीत बसून मी तिच्यासारखं "हाय देअर" म्हणून पाहिलं. बाजूच्या गाडीतला माणूस बघायला लागला तेव्हा फोन कानाला लावला.

एप्रिल-मे सुरू झाला की आमच्या भागात भारतातून आई-वडील यायला लागतात. पांढरे स्पोर्ट्स शूज, मुलाचं जुनं जॅकेट, हात मागे बांधून फेरफटका. एका दुपारी मी इंडियन ग्रोसरीच्या समोर गाडीत सामोसा खात बसले होते. रस्ता ओलांडणारे आजी-आजोबा दिसत होते. एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाची मान आधी उजवीकडे वळायची. उजवीकडे रस्ता मोकळा दिसला की पाऊल खाली, आणि डावीकडे बघणं नंतर, चालता चालता. भारतात जवळच्या बाजूची गाडी उजवीकडून येते. इथे ती डावीकडून येते. आयुष्यभराची सवय विमानातून उतरल्यावर थोडीच बदलते?

घरी जाऊन मी यावर एक परिच्छेद लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. आमच्या फर्ममध्ये हे दुसऱ्या कुणालाही दिसलं नसतं. तिला तर नाहीच. तिची मान लहानपणापासून बरोबर बाजूला वळते.

थोड्याच दिवसांत बॉसने सांगितलं की मंडळात, भारतातून आलेल्या पालकांसाठी रस्त्यावरच्या सुरक्षिततेवर एक कार्यक्रम करायचा. ती बोलणार, स्लाइड्स मी करणार. मी सगळं लिहिलं. अंधारात कपड्यांवर चमकणारी पट्टी, रस्ता ओलांडताना दाबायचं सिग्नलचं बटण, फुटपाथ नसेल तर गाड्या समोरून दिसतील असं चाला, अपघात झाला तर पोलिसांना बोलवा. तो परिच्छेद तेवढा ठेवून घेतला. मंडळाचा गणपतीचा अंक निघतो, त्यात तो माझ्या नावाने द्यायचा असं ठरवलं. एक गोष्ट तरी माझ्या नावावर असावी, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी दुपारी एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम झाला. मी मागे लॅपटॉपपाशी. पहिल्या रांगेतल्या एका काकांनी सुरुवातीलाच हात वर केला.

"आम्हाला रस्ता ओलांडायचं ट्रेनिंग? अहो, आम्ही जन्मभर लक्ष्मी रोड ओलांडलाय."

"मग काका, तिकडे गाड्या थांबते का तुमच्यासाठी?" तिने विचारलं.

"थांबतात कसल्या. आपण हात दाखवायचा."

"इथे हात नाही दाखवायचा, प्लीज. बटण दाबायचा."

"यांना घरात फॅनचं बटण सापडत नाही," शेजारच्या काकू म्हणाल्या. सगळा हॉल हसला. मीही हसले असते, पण तिच्या कार्यक्रमात लोक इतके रमलेत याचाच मला राग येत होता.

कार्यक्रम संपला. पार्किंग भरलं होतं म्हणून बऱ्याच गाड्या रस्त्यापलीकडे लावल्या होत्या. तेच काका हातात उपम्याची प्लेट घेऊन कडेला उभे राहिले. मी दाराशी होते. त्यांची मान उजवीकडे वळलेली मला दिसली. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्यांनी पाऊल टाकलं. डावीकडून पिकअप ट्रक आला. काकूंनी जॅकेट धरून मागे ओढलं, ब्रेक लागले, प्लेट रस्त्यावर पडली. त्यांच्यापासून हातभर अंतरावर ट्रक थांबला होता.

"आर यू ओके, सर?" ड्रायव्हर पांढराफटक पडला होता.

"सॉरी, सॉरी," काका म्हणाले.

"आत्ता तासभर काय ऐकलंत?" काकूंनी त्यांचं जॅकेट अजून सोडलं नव्हतं. "बघून चाला म्हणून सांगितलं ना तिने?"

"बघितलं मी. चांगलं बघितलं."

ते हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते खरं सांगताहेत हे तिथे फक्त मला माहीत होतं. ती धावत गेली, त्यांना कडेला बसवलं आणि त्यांचा हात हातात धरून बसली. आणि त्या क्षणीही, लाज वाटते सांगायला, मला तिचा हेवा वाटला. असा परक्या माणसाचा हात मला कधी धरता आला नसता.

सोमवारी मी परिच्छेद तिच्या टेबलावर ठेवला. तिने वाचला.

"वेट. दे लुक राइट फर्स्ट? ओ माय गॉड, ऑफ कोर्स." मग माझ्याकडे बघून, "हे तुला कधी सुचला?"

"शनिवारी," मी म्हणाले. "काकांना बघून."

खोटं होतं ते. मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती तडक बॉसकडे गेली. काचेतून दिसत होतं, माझ्याकडे हात करून ती बोलत होती. परत आली तेव्हा चेहरा पडलेला. "तुझं नाव घाला म्हटलं मी. नाही म्हणतात. सॉरी यार, आय ट्राइड." ती जरा वाईट वागली असती तर माझं किती सोपं झालं असतं.

मजकूर तिच्या नावाने गेला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेले इमोजी येत होते. गणपतीच्या अंकात मी काही दिलं नाही.

मजकूर गेल्यावर दोन आठवड्यांनी ग्रोसरीत त्याच काकू भेटल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्या दिवसापासून मुलाने ह्यांचं एकट्याने फिरणं बंद केलं होतं. नजर गेली, लक्ष राहत नाही, डॉक्टरला दाखवू, असं चाललं होतं. हे नुसते खिडकीत बसून. मग त्या वकील मुलीचं आलं ना, आधी डावीकडे बघा म्हणून? ते ह्यांनी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. आता जातात परत."

"बरं झालं, काकू."

"तू वाचलंस की नाही?"

"हो. वाचलं."

"अशी माणसं बारकाईने बघतात बघ." त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "तू तिच्याच ऑफिसात ना? बेसनाचे लाडू आहेत. तुझ्या घरी पोचवणार होते, तर इथेच भेटलीस. तेवढे तिला देशील?"

तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. त्यात मोठेपणा नव्हता, मला बोलताच येत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी डबा उघडला. त्यातला एक लाडू गाडीत बसून, सावकाश, पूर्ण खाल्ला. मग बाकीचे जरा सरकवून मधली जागा भरून काढली, झाकण लावलं आणि डबा तिला नेऊन दिला.