मागे जायचं बटण

तीन दिवसांत खेळ बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी मी मोबाइलवरचा रोगलाइक खेळ केला आणि त्यात 'मागे जा' असं बटण ठेवलं. रोगलाइक म्हणजे दर डावाला नवी रचना, आणि मेलं की पहिल्यापासून. या दोन नियमांतला एक मी दयाबुद्धीने मोडला होता.

खेळ कपाशीचा. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शेतकऱ्याच्या पोराने बनवलेला'.

तपासायला दिला आमच्या जानेफळच्या मोटार रिवायंडिंगवाल्याला. हा माणूस जळालेली मोटार आधी हुंगतो, मग बोलतो. वावरातून येताना खिशात एक हिरवं बोंड आणतो, पेचकसाने फोडतो आणि आत गुलाबी अळी नसली तरच चहा सांगतो. बीटी बियाण्याच्या पाकिटावर 'बोंडअळी लागत नाही' असं छापलं असलं, तरी त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

पहिल्याच डावात पावसाने ओढ दिली आणि त्याची पेरणी मोडली. मी म्हणालो, "भाऊ, ते बटण दाबा. मागं जाता येते."

जळालेल्या मोटारीकडे पाहतो तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून पेरायला घेतलं. आणखी दोनदा मोडली. चौथ्यांदा कापूस घरी आला, तेव्हा गडी चक्क हसला.

खेळ पाठवायला तासभर उरला होता. "बटण काढू काय?" मी विचारलं.

"काढ. वावरात कुठं असते असं बटण? आन् वरतं शेतकऱ्याचा पोरगा लिहिलं ना बे, तेबी काढ."