पेशकार साहेबांचा अंदाज

आदिलाबादच्या तहसील कचेरीत साहेबांपुढे कागद मांडणारे पेशकार पांडुरंगराव यांनी उभ्या आयुष्यात कुणाला थप्पड मारली नव्हती. घरात विंचू निघाला तर तो बायकोनं, रेणुकाबाईंनी, चपलेनं ठेचायचा आणि तोवर यांनी पाय वर घेऊन पलंगावर बसायचं, असा रिवाज होता. पण मुष्टियुद्धाचा विषय निघाला की या माणसाच्या अंगात यायचं. मुंबईत कुणी कुणाला कितव्या फेरीत लोळवलं, कुणाचा डावा हात जड, कुणाचा जबडा कच्चा, हे त्यांना स्वतःच्या चुलतभावांच्या नावांपेक्षा पक्कं पाठ होतं.

हे सगळं ज्ञान यायचं तहसीलदार साहेबांच्या इंग्रजी पेपरातून. पेपर मुंबईहून चार दिवस शिळा होऊन यायचा आणि पाचव्या दिवशी पेशकारांच्या हाती लागायचा. मागचं पान कातरून ते खळीनं वहीत चिकटवायचे. आठ वर्षांत तीन वह्या भरल्या होत्या आणि त्यांतली निम्मी पानं एकट्या टायगर लोबोची होती. लोबो हा मुंबईचा, पोटासाठी लढणारा धंदेवाईक गडी. पांडुरंगरावांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी एकही सामना कधी पाहिला नव्हता. कचेरीत ही गोष्ट कुणी विचारली नाही आणि यांनीही आपण होऊन सांगितली नाही.

"एका मानसानं दुसऱ्याचं थोबाड फोडलं, आन् तुमी ते कातरून चिटकवून राह्यले. काऊन?" रेणुकाबाई विचारायच्या.

"हे शास्त्र हाये. तुले नाई समजाचं."

"शास्त्र हाये त एखांदा इच्चू मारून दाखवा."

यावर पेशकार वही मिटून कचेरीचा रस्ता धरायचे.

तेराशे सत्तेचाळीस फसलीच्या, म्हणजे तुमच्या हिशेबानं एकोणीसशे सदतीसच्या मार्गशीर्षात, गावात एक मुष्टियुद्धाची कंपनी लॉरीतून येऊन दाखल झाली. हस्तपत्रकांवर छापलं होतं, सामने शनिवार आणि रविवार. मॅनेजर इंग्रजी मुलखातला. रविवारी सगळ्या जगाला सुट्टी असते अशी त्याची भाबडी समजूत. निजाम सरकारच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, हे त्याला पांडुरंगरावांनी स्वतः जाऊन समजावलं. मग सामने गुरुवारी कचेरी सुटल्यावर आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर ठरले. तेव्हापासून कंपनी आपल्याच सल्ल्यानं चालते आहे अशा थाटात पेशकार गावातून फिरू लागले. त्यातून हस्तपत्रकावर शेवटचं नाव होतं टायगर लोबोचं. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही, इतका आनंद झाला होता.

कापसाच्या जिनच्या आवारात चार खांब रोवून त्यांना गाडीचे नाडे बांधले, आणि झाला आखाडा. कापूस उतरवून रिकाम्या झालेल्या बैलगाड्यांवर तामसी गावाकडची मंडळी उभी होती. त्यांना वाटत होतं कुस्ती आहे. पुढे खुर्चीवर तहसीलदार साहेब, आणि समजावून सांगायला त्यांच्या उजव्या हाताला पांडुरंगराव. शेजारी चपराशी शेख चांद. हा रोज कचेरीच्या दारात उभा राहून पक्षकारांची नावं पुकारायचा, आणि त्याचा आवाज बाजारापर्यंत जायचा.

पहिली जोडी आत उतरली तसं साहेबांनी विचारलं, "क्यों पेशकार साहब, कौन जीतेगा?"

"हुजूर, लाल चड्डीवाला. उसका बायां हाथ देखिए."

मागच्यांना ऐकू जाईना म्हणून गलका झाला. शेख चांदनं सवयीप्रमाणे छाती भरून पुकारा केला, "पेशकार साहब बोलते, लाल चड्डीवालाऽऽ जीतताऽऽ." लोक खूश झाले. पांडुरंगराव तर साहेबांपेक्षाही खूश झाले.

मग पहिला ठोसा बसला. आठ वर्षं कागदावर वाचलेल्या ठोशाला आवाज असतो, हे पेशकारांना तेव्हा कळलं. ओल्या धुण्यावर धोपाटणं पडावं तसा तो आवाज होता. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनी ते साहेबांना बारकावे समजावत राहिले. डोळे उघडले तेव्हा लाल चड्डीवाला मातीत पडला होता.

"हुजूर, जमीन ओली है," पांडुरंगराव म्हणाले. दुसऱ्या लढतीत त्यांचा माणूस हरला तो, त्यांच्या मते, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आल्यामुळे. तिसरा हरला तो पंचाला शास्त्र कळत नसल्यामुळे. तीन पुकारे झाले, तीनही गेले. घरी जाताना गाड्यांवरून कुणी तरी ओरडलं, "पेशकार साहेब, आमचं नाव नोका घेऊ कदी." त्या दिवशी पांडुरंगराव भाकरी अर्धी टाकून उठले.

शुक्रवारी सकाळी तीनही वह्या काखोटीला मारून ते कंपनी उतरली होती त्या धर्मशाळेत, सराईत, गेले. टायगर लोबो बाहेर पायरीवर बसून घमेल्यातल्या मिठाच्या पाण्यात हात भिजवत होता. अडतिसाव्या वर्षीच केस पिकलेले, नाक दोन ठिकाणी बसलेलं. फोटोतल्या लोबोशी त्याचं नातं थोरल्या भावाचं वाटत होतं. पांडुरंगरावांनी एकेक पान उलटून दाखवलं. लोबोनं ओले हात पुसले, तरी वहीला लावले नाहीत. कितीक लढती त्याच्या स्वतःच्याच लक्षात नव्हत्या.

"ये सब मैं जीता था?" त्यानं विचारलं.

"जी हां. तारीख के साथ."

लोबोनं हात पुन्हा घमेल्यात बुडवले. मग त्यानं सरळच सांगितलं. मॅनेजरनं आजची शेवटची संधी दिली होती. कामठीच्या डॅनीला हरवलं तर हैदराबादला लढायला मिळणार. हरला तर यापुढे कंपनीत राहायचं ते दुसऱ्यांच्या तोंडावर पाणी मारायला, बादली घेऊन.

"कल वो आदमी पुकारता था, आपका नाम लेके," लोबो म्हणाला. "आज मेरा नाम पुकरवाना. इस गाँव में मेरे को कोई जानता नहीं. आप जानते हैं."

पांडुरंगरावांनी वह्या खाली ठेवल्या. त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केलं. असा मान त्यांना सरकारी नोकरीत मिळाला नव्हता आणि घरी तर मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी आवार कालच्या दुप्पट भरलं. पहिल्या लढतीला साहेबांनी विचारलं, पेशकारांनी नाव घेतलं, शेख चांदनं पुकारलं, आणि तो गडी दुसऱ्या फेरीत झोपला. दुसऱ्या लढतीच्या वेळी तर कमालच झाली. पुकारा होताच गाड्यांवरून हळहळ उठली, आणि ज्याचं नाव निघालं त्या गड्याचं तोंड उतरलं. बिचारा आत शिरताना नाड्यात पाय अडकून पडला. तो पुढे हरला हे सांगायलाच नको. पाच झाले. लोक हसत होते, पण पांडुरंगरावांच्या अंगाला घाम फुटला. आता त्यांना जमीन, ऊन, पंच यांतलं काही सुचेना. आपल्या जिभेलाच काही तरी लागीर झालंय, अशी त्यांची खात्री पटली.

लोबो आत उतरला. समोर डॅनी, बावीस वर्षांचा, नुसता उड्या मारत होता. लोबोनं पेशकारांकडे बघून मान हलवली.

"बोलो पेशकार साहब," तहसीलदार साहेब म्हणाले. त्यांना आता लढतीपेक्षा याच प्रश्नाची गोडी लागली होती.

पांडुरंगराव गप्प राहिले. पण हाकिमानं विचारल्यावर पेशकारानं गप्प राहायचं ही चाल त्या राज्यात नव्हती. साहेबांची भुवई चढली. लोबोचं नाव घ्यावं तर तो हरणार, हे पांडुरंगरावांना सूर्यप्रकाशाइतकं दिसत होतं. न घ्यावं तर सकाळचा शब्द मोडतो. शब्द मोडला तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला. आठ वर्षांत ज्याच्याविरुद्ध ब्र काढला नव्हता, त्याच्यासाठी ते आपल्या हाकिमाशी साफ खोटं बोलले.

"हुजूर, डॅनी. लोबो नहीं जीतता."

बोलून झाल्यावर त्यांना शेख चांदची आठवण झाली. त्यांनी त्याची बाही धरली, पण तोवर त्यानं छाती भरली होती.

"पेशकार साहब बोलतेऽऽ, डॅनी जीतताऽऽ. लोबो नहीं जीतताऽऽ."

लोबोनं वळून पाहिलं. रागानं नाही. हात तसेच हवेत धरून तो क्षणभर पेशकारांकडे बघत राहिला, मग पंचानं खूण केली. पहिल्या फेरीत त्यानं मार चुकवला, दुसरीत खाल्ला. या वेळी पांडुरंगरावांनी डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या फेरीत लोबोचे हात खाली आले आणि परत वर गेलेच नाहीत. डॅनी वयानं सोळा वर्षं लहान होता, तेव्हा पुकारा नसता तरी हेच झालं असतं, असं म्हणता येईल. पांडुरंगरावांना ते तसं कधी म्हणता आलं नाही.

गाड्यांवरून आरोळी उठली ती डॅनीसाठी कमी आणि पेशकारांसाठी जास्त. सहापैकी एक तरी बरोबर आला होता, तोही शेवटचा आणि मोठा. तहसीलदार साहेबांनी डॅनीसाठी दोन हार आणवले होते, त्यांतला एक काढून पांडुरंगरावांच्या गळ्यात घातला. "वाह. असली उस्ताद हैं हमारे पेशकार साहब. पाँच बार हमको बनाते रहे, जब बात बड़ी आई तब सच बोले." तामसीची मंडळी पाया पडायला आली. एकानं लगेच विचारलं, औंदा कापसाचा भाव चढते का उतरते.

गर्दीतून वाट काढत पांडुरंगराव गाड्यांच्या मागे गेले. लोबो एका गाडीच्या जुवावर टेकून बसला होता. एक डोळा पार मिटला होता.

"लोबो साहब, मैं झूठ बोला," पांडुरंगराव घाईघाईनं म्हणाले. "मेरे मुँह से जिसका नाम निकलता है वो हारता है. आपके वास्ते उल्टा बोला. खुदा कसम, आपके वास्ते."

लोबोनं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या गळ्यातल्या हाराकडे. तो हसला, ओठ फुटलेला असूनही चांगलं हसला.

"तीन साल से मेरे को सब मालूम है, साहब," तो म्हणाला. "मैनेजर को मालूम है, छोकरों को मालूम है. कोई मुँह पे बोलता नहीं था. सब बोलते थे, टायगर, एक लड़ाई और. आप अकेले आदमी, जिसने पहले बोल दिया, सबके सामने. आपने आठ बरस देखा है. आप बोले तो मैं समझ गया. अब नहीं लड़ूंगा." त्यानं सुजलेला उजवा हात पुढे केला. "मेहरबानी. सच बोलने के वास्ते."

पांडुरंगरावांनी तो हात धरला. पुन्हा एकदा सगळं समजावून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण समजावलं तर या माणसाला आज मिळालेली एवढी एक चीजही आपण काढून घेऊ, हे त्यांना कळलं.

"हौ," ते म्हणाले. "सच बोला."