ढिला दोर

मी दोर ओढला की माझं शिंगरू मागच्या पायांवर उभं राहायचं. म्हणून माझा मुलगा ते विकायला निघाला होता. हजीऱ्याच्या, म्हणजे जुन्या घुमटाच्या कबरीपुढच्या, मैदानात एक बाई शेंगा सोलत रोज आमची ओढाताण बघायची. घोडे शिकवते म्हणाली. नाव मी विचारलं नाही.

“काका, ओढू नका. दोर ढिला सोडा, पाठ फिरवा आणि चालू लागा.”

“आमचे पणजोबा रिसाल्यात होते, बाई. मला घोडा शिकवता?”

“मग मागे न बघता चालून दाखवा.”

आता माघार कशी घेणार? चाललो. मैदान संपलं, तरी मागे पाहिलं नाही. दोर जमिनीला लागला होता आणि मानेवर गरम श्वास येत होता.

घरी मुलाला सांगितलं, शिंगरू विकायचं नाही. बाईचं मात्र काही सांगितलं नाही.