सुपावरची अडीचकी

निपाणीत शाळेवर रुजू झाले तेव्हा मला कशाची भीती वाटत नसेल तर ती गणिताची. बाकी सगळ्याची वाटायची. बेळगावहून मला पोचवायला आलेला माझा भाऊ अण्णा परतीच्या मोटारीत बसला आणि मी भर रस्त्यात डोळे पुसत उभी राहिले. लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, पाट्या मिळत नव्हत्या, आणि मुलींची शाळा म्हणून जी जागा दाखवली ती तंबाखूच्या वखारीची पुढची खोली होती. मधल्या भिंतीपलीकडे बायका तंबाखू चाळत. वारा फिरला की सगळ्या शाळेला एकदम ठसका लागायचा.

इयत्ता चार आणि मास्तरीण एक. मुली विड्या वळणाऱ्यांच्या घरच्या. कारखानदाराकडून पानं आणि तंबाखू आणायची, घरी बसून विड्या वळायच्या, संध्याकाळी जुड्या बांधून पोचत्या करायच्या, हा घराघरातला नेम. पोरीचे हात शाळेत गेले की घरचं काम मागं पडे, म्हणून आया मुलींना पाठवत नसत. मी दारोदार हिंडले, विनवण्या केल्या, थोडं भांडलेही. शेवटी एका आईनंच तोड काढली. तिची थोरली चौथीत होती, वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून सगळी शाळा तिला आक्का म्हणायची. आईनं मला विचारलं, पोरगी पानं-तंबाखूचं सूप संगं घेऊन आली तर चालेल का. मी हो म्हटलं, आक्कामागून बाकीच्याही सुपं घेऊन येऊ लागल्या आणि माझी झोप उडाली. सरकारच्या शाळेत मुली विड्या वळतात हे वर कळलं असतं तर माझी नोकरी गेलीच म्हणायची.

पण घाबरटांचाही एखादा हट्ट असतो. हात विडीत असले तरी डोकं माझ्या ताब्यात, असा माझा हट्ट. गरिबांच्या मुली म्हणून त्यांना सोपं सोपं शिकवायचं, ही दया मला कधी आवडली नाही. बेळगावात माझ्याकडून जे घोटून घेतलं होतं तेच मी इथं घोटून घेतलं. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, असे पाव, अर्ध्या, दीड, अडीचपटीचे सगळे पाढे. एक जण चुकली की सगळ्यांनी पहिल्यापासून. मुली मनात मला काय काय म्हणत असतील ते मला न ऐकताही कळायचं.

हळूहळू एक गंमत झाली. पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा आवळायचा, या ठेक्यावर पाढे बसले. दोरा आवळला की उत्तर बाहेर. आक्का तर मान वर न करता अडीचकी अशी म्हणायची की मी विचारायला कमी पडायचे.

आमची शाळा चौथीवर संपायची. मी पाचवीसाठी अर्ज केला होता. आक्काच्या बापानं सांगून ठेवलं होतं की वर्ग निघाला तर शिकेल, नाहीतर भिंतीपलीकडे तंबाखू चाळायला जाईल. तोंडाला फडकं बांधून त्या बायका सुट्टीला बाहेर पडत तेव्हा मी दारात उभी राहत नसे. त्यांत आक्काचे डोळे दिसतील असं वाटायचं.

वर्ग द्यायचा की नाही हे शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येऊन ठरवणार होते. ते येणार असा निरोप आला. ते यायचे त्या सकाळी मी सगळी सुपं कोपऱ्यात रचली आणि वरून सतरंजी टाकली. खोली झाडून शिंपडली. मुलींना हात खसखसून धुवायला लावले, वेण्या घट्ट घालून दिल्या आणि हाताची घडी घालून ओळीनं बसवलं. शाळा अगदी शाळेसारखी दिसू लागली.

साहेब उंच, शांत गृहस्थ होते. शांत माणसाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खुर्चीत बसले आणि चौथीकडं वळून म्हणाले, अडीचकी येते का. माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी आक्काला उभं केलं आणि सतरा अडीचं विचारलं.

आक्का गप्प.

त्यांनी दुसरीला विचारलं. ती पण गप्प. तिसरीनं काहीतरी सांगितलं ते इतकं चुकीचं होतं की माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. जे पाढे या पोरी झोपेतही म्हणाल्या असत्या, ते कुठं गेले मला कळेना. साहेबांनी चष्मा काढून डबीत ठेवला. पलीकडच्या खोलीत कुणीतरी खोकलं आणि मला वाटलं, संपलं.

आक्का अजून उभीच होती. तिची बोटं परकराशी चाळा करत होती. ती साहेबांकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, हात मोकळं हाईत. काय बी आठवंना. सूप घिऊ का?"

साहेबांनी विचारलं, कसलं सूप. पोरगी बावळट आहे, काहीही बोलते, एवढं म्हटलं असतं तर नोकरी वाचली असती. तेच वाक्य जिभेवर आलंही होतं. पण भिंतीपलीकडचा खोकला काही थांबत नव्हता. "घे," मी म्हणाले.

आक्कानं सतरंजी ओढली. बाकीच्यांनीही आपापली सुपं उचलली. कात्र्या चालू लागल्या, तंबाखूचा वास उठला, आणि पहिला दोरा आवळताना आक्का म्हणाली, साडेबेचाळीस. साहेब विचारत गेले आणि मुली मान खाली घालून सांगत गेल्या. पुढं त्यांनी तोंडी हिशेब घातले, ते मी कधी शिकवलेही नव्हते. तेही आले. शेवटी साहेबांनाच जोराचा ठसका लागला आणि मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

पाणी पिऊन ते म्हणाले, "पाचवी काढा, बाई. पण पुढच्या परीक्षा बेळगावात होतात. तिथं सूप नेता येत नाही. उद्यापासून उंबऱ्याच्या आत मला विडी दिसली तर वर्ग नाही आणि शाळाही नाही."

इतर कुणाला आनंद झाला असता. मला आणखी धास्ती बसली. वर्ग मिळाला, पण सुपाशिवाय पोरी येणार कशा? आणि आल्या तरी मोकळ्या हातांनी बोलणार का? साहेबांचं म्हणणं काही चूक नव्हतं. बेळगावच्या परीक्षेत आक्काला असंच मोकळ्या हातांनी उभं राहावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेची वेळ झाली तरी आक्का आली नाही. दुसऱ्या काही आल्या, रिकाम्या हातांनी, आणि बोटं कुठं ठेवावीत हे न कळल्यासारख्या बसल्या. मी दारात जाऊन उभी राहिले. वखारीत जाणाऱ्या बायकांत बघायचं नाही असं ठरवूनही बघत राहिले.

तेवढ्यात आक्काची आई येताना दिसली. डोक्यावर सुपात सूप, आणि मागं आक्का. पोरीला वखारीत घालायलाच निघाली, असं मी समजले. पण ती शाळेच्या पायरीपाशी थांबली. दोन्ही सुपं उतरवली, उंबऱ्याच्या बाहेर फतकल मारून बसली आणि आक्काला आत ढकललं.

"हिच्या वाटणीचं बी मीच वळतो," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या भाईर चालतंय न्हवं? तुमी शिकवा, आमची काळजी करू नगासा."

मी आत गेले. आक्का मांडीवर उघडे हात घेऊन बसली होती. मी तिला एकोणतीस अडीचं विचारलं. बाहेर पायरीवर कात्री चालू होती. पान कातरलं जात होतं, तंबाखू भरली जात होती. आक्कानं मान थोडी दाराकडं कलती केली आणि ऐकत राहिली. आईनं दोरा आवळला असेल नसेल, तेवढ्यात ती म्हणाली, साडेबहात्तर.

पुढचं मी त्याहून अवघड विचारलं.